सोळा फोटोंमधला चाफा

फोटो सोळा होते की अठरा, हे आता छातीठोकपणे सांगता येत नाही. सोळाच असावेत. आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं, पण स्वतःच्या आठवणीवर माझा फारसा भरवसा नाही.

त्या वर्षी दुष्काळात धरणाचं पाणी ओसरलं आणि आमचं बुडालेलं गाव उघडं पडलं. माझ्या थोरल्या भावाची, सुकार्जोदादाची नजर जात चालली होती. त्याला जुनी दफनभूमी एकदा स्पष्ट पाहायची होती. धरणाआधी तिथल्या सगळ्या कबरी टेकडीवर हलवल्या होत्या; लहानपणीच गेलेल्या आमच्या धाकट्या बहिणीची, वार्सिहचीही. खालच्या तिच्या जुन्या कबरीला दगड नव्हता, खुणेला पांढरा चाफा लावलेला. दरवर्षी रमजानआधी आम्ही टेकडीवर तिला फुलं वाहायचो.

"ती खाली नाही, एवढं मला दिसू दे," दादा म्हणाला.

भर दुपार होती. वाळत्या गाळाला माशांचा वास येत होता. उन्हाच्या झळांनी समोरचं सगळं थरथरत होतं, म्हणून कॅमेरा एका जागी रोवून मी सोळा फोटो काढले. ते संगणकावर एकमेकांवर ठेवले की हलणारं पुसलं जातं, स्थिर असेल ते ठसठशीत होतं.

गाळाच्या भेगा सुरेख आल्या. मधोमध मात्र एक डाग. सुट्या फोटोंत तिथे नुसता गाळ! चार दिवस मी फोटो वगळत होतो, पुन्हा जुळवत होतो. डाग जाईना.

"एवढा शिकलास, प्रोफेसर, आणि एक डाग निघेना? आण इकडे, बाहीने पुसतो."

"दादा, सगळं करून झालं!"

शेवटी वैतागून सगळेच्या सगळे फोटो परत घातले. डाग स्पष्ट झाला. फुललेला चाफा. खाली कुणीतरी लहान, पाठमोरं, उकिडवं बसलेलं.

दादाने पडद्याला नाक लावलं. "वेणी... वेणी आहे का रे?"

मी पहिले आठ फोटो वेगळे जुळवले: पाठ. शेवटचे आठ: मान अर्धी वळलेली, आमच्याकडे.

"बंद कर..." दादा पुटपुटला. "बंद कर ते."

पाऊस येण्याआधीच तो गेला.

आठ वर्षांनी मला कबरी हलवल्याची नोंदवही पाहायला मिळाली. वार्सिहच्या नावापुढे लिहिलं होतं: 'चाफ्याखाली खणले. हाडे मिळाली नाहीत. मूठभर माती नेली. झाड तोडले.'

खाली साक्षीदाराची सही होती. सुकार्जोदादाची.