दर रविवारी बंद पडणारं यंत्र

"हात काढा आधी... हात!"

सेल्मा दचकली, तोवर कुणीतरी तिचं मनगट धरलंही होतं. स्नोब्लोअर, म्हणजे अंगणातला बर्फ हटवायचं यंत्र, थरथरत उभं होतं, बर्फ उडवणाऱ्या नळकांड्यात बर्फाचा बोळा घट्ट अडकला होता आणि ही वेडी इंजिन चालू असतानाच तो हाताने उपसायला निघाली होती. त्या अनोळखी मुलाने चावी फिरवली. एकदम शांतता... फक्त बर्फ पडत होता. पापण्यांवर, मफलरवर, आणि अजूनही तिच्या मनगटावरच असलेल्या त्या हातावर.

"आता सोडलंत तरी चालेल," ती म्हणाली. "यंत्र बंद झालंय."

"हो... आलंय लक्षात," तो म्हणाला. सोडलं मात्र क्षणभराने.

हार्लन तोरोला त्याचं नाव. मोठ्या सरोवरावर खनिज वाहणाऱ्या जहाजावर, इंजिनखोलीत काम करायचा. जानेवारीत पाणी गोठलं की जहाजं बंदराला लागतात आणि खलाशी घरी येतात. मार्चअखेर वाट मोकळी झाली की पुन्हा निघतात. तो आदल्याच दिवशी कॅल्युमेट गावी आला होता, तीन घरं सोडून राहणाऱ्या मावशीकडे. त्याने ढिगातलं एक लाकूड उचललं, नळकांडं खरवडून मोकळं केलं, दोरी ओढली आणि यंत्र पहिल्याच फटक्यात सुरू झालं. पायरीवर सेल्माचे बाबा, वाल्फ्रेड, चर्चचा कोट घालून घड्याळाकडे बघत उभे होते. चर्चच्या गायकवृंदात त्यांचा आवाज सगळ्यात खालच्या पट्टीतला, आणि बर्फ हटून गाडी बाहेर निघाल्याशिवाय तो आवाज चर्चला पोचणार कसा?

पुढच्या रविवारी यंत्र पुन्हा तुंबलं. त्याच्या पुढच्याही. सोमवार ते शनिवार ते निमूट काम करायचं, आणि रविवारी सकाळी, बाबांना नेमकी घाई असताना, घसा धरून बसायचं. बाबा त्याला फिनिश भाषेत अशा काही शिव्या द्यायचे की चर्चला जायच्या आधीच क्षमा मागायची वेळ यावी. तरी लाड काय कमी होते त्याचे? दर शनिवारी सौनाची, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराची, भट्टी पेटली की बाबा ते यंत्र बाहेरच्या खोलीत, भट्टीच्या भिंतीला टेकवून ठेवायचे. सौनात बसून माणूस आठवडाभर खणखणीत राहतो, मग लोखंड का राहणार नाही, असं त्यांचं म्हणणं.

आणि दर रविवारी हार्लन यायचा. बोलवावंही लागायचं नाही. इंजिनाचा आवाज मध्येच तुटला की दोन मिनिटांत फाटकापाशी त्याची लाल टोपी दिसायची. तिसऱ्या रविवारी 'तुम्ही'चं 'तू' झालं. चौथ्या रविवारी तिने त्याला कॉफी आणि वेलदोड्याचा गोड पाव दिला. तो हातमोजे काढून, कप दोन्ही हातांत धरून, वाफेआडून तिच्याकडे बघत राहिला. दर वेळी वीसच मिनिटं. मग बाबांची गाडी निघायची, सेल्माला बाबांशेजारी बसावं लागायचं, आणि मागच्या काचेतून लाल टोपी लहान लहान होत जायची...

आता सांगा, सगळं गाव बर्फाला कंटाळलेलं असताना एखादी मुलगी शनिवारी संध्याकाळी खिडकीशी उभी राहून अजून पडू दे, अजून पडू दे म्हणते, तेव्हा तिला काय झालेलं असतं? सेल्माला ठाऊक होतं. तिच्या मैत्रिणीलाही ठाऊक होतं, आणि ती विचारायची की बाई, बोलणार कधी, जहाज निघाल्यावर? सेल्मा रोज आरशासमोर बोलायची. फाटकापाशी मात्र तिला फक्त "साखर हवी?" एवढंच सुचायचं.

अकरावा रविवार उजाडला. हार्लन सोमवारी निघणार होता. यंत्र तुंबलं, बाबांचा संयम संपला. त्यांनी जाहीर केलं की हे भंगार या आठवड्यात चुलतभावाला विकणार, पुढच्या हिवाळ्यात बर्फ ढकलणारा नांगरवाला ट्रक लावणार, आणि आज तर ते चालतच चर्चला जाणार. गेलेही, बर्फ तुडवत, रागाने.

सेल्माने मनात हिशेब केला. यंत्र गेलं म्हणजे पुढच्या जानेवारीतले रविवारही गेले.

हार्लन नळकांडं खरवडत होता. ते केव्हाच साफ झालं होतं, तरीही.

"काकांना सांग, विकू नका," तो म्हणाला. "त्यात काही बिघाड नाही."

"मग रविवारीच का बंद पडतं?"

"सौनात तापतं म्हणून. गरम लोखंडाला बर्फ लागला की वितळतो आणि मग तिथेच गोठून बसतो. थंड लाकूडघरात ठेवलं तर काही होणार नाही."

"हे तुला आज कळलं?"

तो बुटांकडे बघू लागला. "पहिल्याच रविवारी. हात लावला तेव्हाच."

"म्हणजे अकरा रविवार तू माझ्या बाबांना उशिरा चर्चला पाठवलंस."

"हो."

"का?"

"सांगितलं असतं, तर मी इथे कशासाठी आलो असतो, सेल्मा?"

तिला राग यायला हवा होता. पण इतक्या दिवसांचं आरशातलं सगळं विसरून ती भलतंच बोलून गेली.

"सहाव्या आठवड्यात बाबा विसरले होते. यंत्र लाकूडघरातच होतं."

"मग?"

"मग मी ढकलत नेलं सौनात. तेव्हापासून दर शनिवारी मीच नेते. बाबांना वाटतं, मुलगी कामसू झाली."

 तो इतका हसला, की छपरावरचा बर्फ घसरेल असं वाटलं. आणि हसता हसताच त्याने टोपी काढून हातात घेतली.

"उद्या निघतोय मी," तो म्हणाला. "परत येईन तो जानेवारीत. साडेनऊ महिने, सेल्मा... माझ्यासाठी थांब असं कुठल्या तोंडाने म्हणू?"

"नको म्हणूस. तुमचं जहाज खनिज भरायला मार्क्वेटला येतं ना?"

"दर दहा-बारा दिवसांनी. पण सहाच तास थांबतं. दोन तास गाडी चालवत येणार तू, तेवढ्यासाठी?"

सेल्माने त्याच्या कोटाच्या बाहीवरचा बर्फ झटकला. हात तिथेच राहू दिला.

"दर रविवारी वीस मिनिटं," ती म्हणाली. "सगळे मिळून चार तासही होत नाहीत, हार्लन. सहा तास म्हणजे चैन आहे."