आबेलची निळी झडप

बसा, दिवा राहू दे तसाच. आबेल फॉर्च्युइन माझं जुनं गिऱ्हाईक, आणि ही हकिगत सुरू होते माझ्याच दुकानातून. २०१८ च्या फेब्रुवारीत त्यानं पाटात आडवी लावून पाणी आपल्या वाफ्यात वळवायची पत्र्याची झडप नेली. घरी जाऊन निळी रंगवली, वर आपलं नाव घातलं. शेजारच्या नील्स मालगासची झडप बिनरंगी होती ना, म्हणून.

आबेलचं घर वर, नील्सचं खाली, मधे मोकळी जागा. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी पाटानं उतरतं, घरटी पाळी ठरलेली. त्या मोकळ्या जागेत पूर्वी लेया बूइसेन राहायची. सदुसष्ट साली कातडीचा रंग बघून गोऱ्यांच्या सरकारनं आपल्याला रुळांपलीकडं हाकललं. लेयाचं घर पाडलं, तिच्या पाटाचं तोंड सिमेंटनं बुजवलं. पलीकडं पाट कुठला? म्हातारी वर्षभरात गेली. आबेल-नील्स कायदा बदलल्यावर परतले.

गावच्या भाजी-प्रदर्शनात नील्सचा भोपळा सलग चार वर्षं पहिला; यंदाचं प्रदर्शन शनिवारी होतं. सोमवारी तो आबेलच्या कुंपणावरून म्हणाला, "आबेल, शनिवारी गाडी सांगू, की यंदाही टोपीतूनच आणतोस?"

आबेल हसला. रात्री दिवा घेऊन त्यानं आपला भोपळा पुन्हा मापला.

मंगळवार, सहा मार्च. त्याची पाळी रात्री दोन दहा ते दोन पन्नास. पुढं नील्सची. आबेल दारं धरून उभा होता. दोन पन्नास झाले. नील्सकडं अंधार. आबेलनं झडप काढली नाही. आपल्या वेलाला अजून वीस मिनिटं...

पाटाकडेनं एक म्हातारी आली. अनवाणी.

"नील्सनं पाठवलं का, आजी? दोनच मिनिटं."

"तुमचं दोघांचं भागतच नाही रे."

"आजी, तुम्ही कुणाच्या...?"

"पलीकडून नुसतं ऐकायचं. पन्नास वर्षं. आधी त्यांनी प्यायचं, मग तुम्ही, आणि मी ऐकायचं."

ती वाकली. झडप उचलली. ती घेऊन मोकळ्या जागेकडं वळली.

पाणी गेलं. खाली नील्सकडं नाही.

सकाळी नील्स तणतणत आला. "चोरा, माझं पाणी कुठाय?"

आबेलनं बोट दाखवलं. मोकळी जागा घोटाभर चिखलात होती. शनिवारी दोघांपैकी कुणीच भोपळा नेला नाही.

मला त्या मंगळवारी सकाळीच बोलावलं होतं, झडप बघायला. लेयाच्या पाटाच्या बुजवलेल्या तोंडाचं सिमेंट तेच जुनं, कुठं तडा नाही. त्यात अर्धी रुतून निळी झडप उभी. मी ओढून पाहिली. हलली नाही.

पत्रा मी फेब्रुवारीत विकलेला. आणि ते सिमेंट सदुसष्ट साली वाळलं, तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो.