सिमेंटखालचा बाजारखांब

बाजारखांब गेला हे मला कळलं, त्या दिवशी मी काटोलहून परतलो होतो. बायकोची, देवकीची, तेरवी गावीच केली होती.

हे ऐकीव नाही. माझ्यासोबत घडलं आहे. जागा नागपूरच्या इतवारीतली आमची भांड्यांची गल्ली. यंदाचा मे महिना. भर दुपार.

खांब आमच्या दुकानासमोर होता. दगडी, फार जुना, अंगावर अक्षरं कोरलेली. पूर्वी मापावरून वाद झाला की दोन्ही व्यापारी त्यावर हात ठेवून खरं सांगत. प्रत्येक नव्या रस्त्यात तो थोडा थोडा गाडला गेला. शेवटी वीतभर उरला.

देवकी रोज त्यावर तांब्याभर पाणी ओतायची. शेंदूर मात्र कोणाला लावू द्यायची नाही. "लिहिलेलं बुजते," म्हणायची. खांबाचं जतन व्हावं म्हणून तिने सरकारी ऑफिसात चकरा मारल्या. पाहणीला साहेब येणार होते.

रस्तेवाले आले की ती खांबावरच बसायची.

"टाक गा सिमेंट! माह्यावरून टाक!"

यावेळी बसायला कोणी नव्हतं.

खांबावरून नवं सिमेंट टाकून गल्ली सपाट झाली होती.

शेजारचे नत्थूजी म्हणाले, "मी सांगतलं त्याहिले. पण वहिनीसारखं भांडता मले कुठं येते, भाऊ?"

दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन असं, की गल्लीत कुत्रंही नव्हतं. मी दुकानात बसलो होतो.

आणि आवाज आला...

पाणी ओतल्याचा.

बाहेर आलो. सिमेंट कोरडं ठणठणीत. आवाज सुरूच होता...

खालून.

"नत्थूजी, ऐकू येऊन राहिलं का?"

त्यांनी ऐकलं. तोंडावरचा रंगच गेला. "रस्ता फोडू नका, भाऊ. हात जोडतो." आणि शटर ओढून घेतलं.

मला राहवलं नाही. देवकी खाली आहे, एवढंच डोक्यात होतं. लोखंडी सब्बल आणली, सिमेंटवर घाव घातले. तळहात फुटले. शेवटी हात जाईल एवढं भोक पडलं.

खाली माती लागायला हवी होती.

पोकळ होतं...

हात कोपरापर्यंत आत गेला. दगड लागला. ओला, गार. कोरलेली अक्षरं बोटांना लागली.

"देवकी, साहेबाले काय दाखवू वं आता?"

आवाज थांबला.

मग माझ्या मनगटावर पाणी पडलं. तांब्यातून पडावं तसं...

वरून.

वर तर सिमेंट होतं. आणि मी.

हात बाहेर काढला. कोपरापर्यंत ओला. नत्थूजींनी शटरच्या फटीतून पाहिलं. ते आजही त्या जागेवर पाय ठेवत नाहीत.

संध्याकाळी रस्तेवाल्यांनी भोक बुजवलं. बुजवू नका म्हणून मी त्यांच्या पाया पडलो होतो. "काका, घरी जा, आराम करा," म्हणाले.

तेव्हापासून आवाज नाही. रोज दुपारी तापल्या रस्त्याला कान लावतो. ती गेली, की खाली बसून वाट पाहते आहे... मला कळत नाही.

साहेब अजून आलेले नाहीत. खांब सिमेंटखालीच आहे.