जागा आहे का?

ते दार लोटून घे रे, लाम्ब्रो. वारा आत येतोय. आणि तो मोबाइल पालथा ठेव. भुताचा फोटो निघत नाही, आणि निघाला तरी तुझे मित्र अंगठा दाखवण्यापलीकडे काय करणार आहेत?

ही ऐकीव गोष्ट नाही. माझी चुलतबहीण आर्गिरो, वरच्या चर्चमागे राहते ती, तिच्यावर गुदरलेली आहे. बाई अजून धडधाकट आहे. सकाळी पावाच्या दुकानात भेटेल, विचारा. सांगेल की नाही, ते तिच्या मनावर.

तिचा नवरा थेमिस गालातिस. मूळचा आपल्याच गावचा, गालाक्सिदीचा, पण राहायचा अथेन्सला. धंदा काय, तर समुद्र. म्हणजे समुद्रावर बोलायचं. इतिहासातली जहाजं आणि साहित्यातली जहाजं, असा विषय घेऊन हा गडी गावोगाव व्याख्यानं झोडत फिरायचा. ट्रॉयला निघालेल्या गलबतांपासून सुरुवात. मग मसाल्याच्या वाटा शोधणारे, मग अमेरिकेला निघालेली बिऱ्हाडं, सगळ्यांना एका दोरीत ओवायचा आणि शेवटी डोळे मिटून म्हणायचा, "जहाज म्हणजे माणसानं पाण्यावर लिहिलेलं स्वप्न!" की बायका रुमाल काढायच्या. स्वतः मात्र फेरीबोटीत चढला की बंदर सुटायच्या आत ओकायचा. आर्गिरो चारचौघांत म्हणायची, "आमच्या ह्यांना समुद्र फार आवडतो. भिंतीवर टांगलेला."

त्या व्याख्यानाचा कळस म्हणजे याचा खापरपणजा, कप्तान गालातिस. शिडांच्या जहाजांचा काळ. त्याचं जहाज काळ्या समुद्रातून गहू भरून येताना वादळात फुटलं. खलाशी सगळे बुडाले, कप्तान परत आला. थेमिस सांगायचा की कप्तान जहाज सोडायलाच तयार नव्हता. खलाशांनीच त्याला उचलून होडीत घातलं, "तुम्ही जगा, आमची कहाणी सांगा" म्हणाले, आणि हात हलवत बुडाले.

हात हलवत बुडाले! अरे, बुडणारा माणूस हात हलवतो तो निरोप द्यायला होय?

गावातली जुनी माणसं वेगळं सांगायची. होडीत जागा होती. कप्तानानं होडीचा दोर कापला. पण हे सांगायचे दबक्या आवाजात, कारण गालातिसांचं घर मोठं. आणि बुडालेला काही साक्ष द्यायला येत नाही.

तर दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. सणासाठी दोघं इथल्या घरी आले होते. डिसेंबरची पाच तारीख, खलाशांचा कैवारी संत निकोलस, त्याच्या सणाची आदली रात्र. दुसऱ्या दिवशी प्रार्थना आटोपली की नगरपालिकेच्या सभागृहात कप्तानाची तसबीर लावायची होती, आणि भाषण अर्थात थेमिसचं. तसबीर होती शेजारच्या इतेआ गावी, त्याच्या आत्याकडे. ती आणायला नवराबायको संध्याकाळी गाडीनं गेले. आत्यानं माशाचं सार केलं होतं, जेवल्याशिवाय सोडीना. निघायला अकरा वाजले.

रस्ता तुम्हाला माहीत आहे. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खाली पाणी. त्या रात्री वारा नाही, चंद्र नाही. खाडी तेलासारखी गप्प. तसबीर मागच्या सीटवर, चादरीत गुंडाळलेली. थेमिस गाडी चालवता चालवता भाषण घोकत होता.

"'त्यांनी हसतमुखानं समुद्राला मिठी मारली'... कसं वाटतं?"

"तू पाहायला होतास?" आर्गिरो म्हणाली.

"अगं, ही काव्यात्म..."

"एकाची तरी आई हसली असेल का रे? तेवढं लिही."

"तुला साहित्य कळत नाही."

"बुडणं कळतं. माझा बाप बुडाला."

मग त्यानं भाषण पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. असं ती सांगते.

माशांच्या शेतीचे पिंजरे जिथून खाली दिसतात, ते वळण. गाडीचा उजेड वळला, आणि रस्त्याच्या कडेला माणसं. आठ-दहा असतील. उभी. नखशिखान्त भिजलेली.

"थांबव," आर्गिरो म्हणाली. "बोट उलटलीय कुणाची तरी. थांबव म्हणते ना!"

त्यानं थांबवली, पण इंजिन चालूच ठेवलं. ती उतरली. तिला वाटलं, कोळी असतील, नाहीतर ते बिचारे परदेशी, रबरी होड्यांतून येतात ते. थंडी मी म्हणत होती, पण त्यांच्यातलं एकही माणूस कुडकुडत नव्हतं. कपड्यांतून पाणी निथळत होतं... आणि खाली रस्ता कोरडा.

हे तिच्या ध्यानात आलं, पण उशिरा.

त्यातला एक पुढे आला. म्हातारा. दाढीतून पाणी गळत होतं. तिला विचारलं, अगदी अदबीनं, "पोरी, जागा आहे का?"

बोली आपलीच. गालाक्सिदीची. पण तिची आजी बोलायची तसली.

"आहे की," ती म्हणाली. "मागे तिघं बसा. बाकीच्यांसाठी आम्ही लगेच परत येतो. थेमिस, मागचं दार उघड."

खट्...

चारही दारांना आतून कुलूप लागल्याचा तो आवाज.

"थेमिस?"

माणसं गाडीभोवती आली. आरडाओरडा नाही. घाई नाही. काचांवर तळहात टेकले. एकेक करून वाकून आत बघायचे. आणि प्रत्येक जण तेच विचारायचा. "जागा आहे का?"... "जागा आहे का?"...

आत थेमिसचं तोंड उघडं. आयुष्यभर बोलून पोट भरलेला माणूस! त्याला साधं हो म्हणता येईना. नाहीही म्हणता येईना. त्यानं आर्गिरोकडे पाहिलं. नीट पाहिलं, ती शपथेवर सांगते. ओळखून पाहिलं.

आणि गाडी सोडली.

लाल दिवे वळणाआड गेले. ती उभी. एकटी. त्यांच्यात.

कुणी तिला हात लावला नाही. म्हातारा गाडी गेली त्या बाजूला बघत राहिला. मग रस्त्यावर थुंकला. खारं पाणी थुंकला.

"तोच," म्हणाला.

 

मग ते चालू लागले. गाडीमागे. सावकाश. पावलं वाजत नव्हती. ती त्यांच्या मागून निघाली. का? "घर त्याच बाजूला होतं," म्हणते. दुसरं काय करणार होती! त्यांनी वळण घेतलं, मागोमाग तिनं घेतलं...

रस्ता रिकामा.

एकही माणूस नाही. खाली पाणी तसंच, गप्प.

जरा पुढे गाडी उभी. दिवे विझलेले. इंजिनाला हात लावला, तर गार. आत्ता तर गेली होती! थेमिस स्टिअरिंगला घट्ट धरून बसला होता. ओठ फुटलेले, डोळे खोल गेलेले. तिनं काचेवर मूठ आपटली तेव्हा कुठे दार उघडलं.

"पाणी," तो म्हणाला.

बाटली होती, ती त्यानं एका दमात संपवली. "अजून," म्हणाला. हिच्याकडे बघेना. मागच्या सीटवर चादर होती तशी गुंडाळलेली. आत तसबीर होती तशीच. कप्तान होता तसाच, मिशीला पीळ देऊन.

तिनं त्याला बाजूला सरकवलं आणि स्वतः गाडी चालवत घरी आणली. रात्रभर तो माठाशी बसून पाणी पीत होता.

आता तुम्ही म्हणाल, सकाळी त्यानं सगळं कबूल केलं असेल. हात्तिच्या! तुम्हाला हे व्याख्यानवाले माहीतच नाहीत. सकाळी गुळगुळीत दाढी करून उभा राहिला. तेच भाषण. तोच जहाज न सोडणारा कप्तान, तेच हसतमुखानं हात हलवणारे खलाशी. उलट शेवटी एक वाक्य वाढवलं: "काल रात्री समुद्र माझ्याशी बोलला." टाळ्यांचा कडकडाट! मीही तिथे होतो. बिशप रडले. महापौरांच्या पत्नी रडल्या.

आर्गिरो पहिल्या रांगेत होती. ती उठली, कोट घातला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "त्यांनी तुला जागा मागितली होती. कहाणी नव्हती मागितली." आणि निघून गेली. तेव्हापासून ती इथे, तो अथेन्सला. अजून व्याख्यानं देतो म्हणे. बक्षीसही मिळालं परवा कसलंसं.

नाही, संपली नाही. ओत अजून थोडी त्सिपुरो दारू.

गाडी तिच्या नावावर होती, ती इथेच राहिली. आठवडाभरानं ती आमच्या याकूमीच्या गॅरेजात नेली, कारण चालताना खालून खरखर यायची. मी तिथेच कॉफी पीत बसलो होतो. त्यानं गाडी वर उचलली, बॅटरी मारली. मग मला खूण केली.

मी खाली जाऊन वर पाहिलं.

गाडीचं सगळं बूड कालवांनी भरलेलं. जुन्या जहाजाच्या बुडाला चिकटतात तसली, एकावर एक, बोटभर जाड. इतकी वाढायला वर्ष दीड वर्ष पाण्यात राहावं लागतं. आणि ती गाडी आर्गिरोनं शोरूममधून घेतली होती, त्याच उन्हाळ्यात.

याकूमीनं पटाशीनं एक काढलं. आठवडाभर पाण्याबाहेर होतं, म्हणजे मेलेलंच असायला हवं. बादलीत समुद्राचं पाणी आणून त्यात टाकलं. आम्ही दोघं वाकून बघत राहिलो...

ते उघडलं.