डाव्या हॉर्नचा घसा

शनिवारी दुपारी काम लवकर आटोपलं, म्हणून कानसेन लाकडाच्या पॉलिशचा डबा विकत घेऊन घरी आला. कानसेन हे काही त्याचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नकोच. तो दातांच्या कवळ्या बनवायचा. दिवसभर लोकांचे दात घासायचे, संध्याकाळी घरी येऊन गाणं ऐकायचं, यापलीकडे त्याला जग नव्हतं. स्वतःचा गळा बेसूर, पण कान असा की रेकॉर्डवरच्या बाईने नुसते ओठ मिटले तरी मला कळतं, असं तो छातीठोकपणे सांगे. लोकांनी नाव ठेवलं थट्टेनं. याने ते पदवीसारखं मिरवलं.

बैठकीच्या खोलीत त्याचे दोन हॉर्न उभे असत. तुम्ही म्हणाल, सरळ स्पीकर म्हणा की. तसं त्याच्यासमोर म्हणून बघायला हवं होतं. स्पीकर म्हणजे खोकं, असं तो म्हणे. हे म्हणजे पुरुषभर उंचीचे दोन लाकडी भोंगे. मागे मनगट जाईल एवढा घसा, आणि तिथून उघडत उघडत आलेलं तोंड इतकं मोठं की माणसाचं डोकं खांद्यापर्यंत आत जावं. घशाला मागून एक जड युनिट बसवलेलं. युनिटातला पातळ पडदा थरथरला की तो एवढासा आवाज लाकडातून वाढत वाढत खोलीभर व्हायचा. अँप्लिफायर बिचारा छोटासा, तापून लालसर होणाऱ्या काचेच्या व्हॉल्व्हचा, पण गाणारी बाई समोर खुर्ची टाकून बसल्यासारखी वाटे. तिने घेतलेला श्वास कळे. तिच्या मागे कुणी पाय हलवला तरी कळे. कानसेनची बायको त्या हॉर्नना ‘माझ्या दोन सवती’ म्हणायची, आणि पाहुण्यांपुढे सुद्धा म्हणायची.

हॉर्न बनवले होते मिस्त्रीने. मिस्त्री त्याचा शाळेपासूनचा मित्र. एकाच्या घरी जेवण आणि दुसऱ्याच्या घरी झोप, असली दोस्ती. लाकूडकाम मिस्त्रीचं, वायरिंग मिस्त्रीचं, आणि कान कानसेनचा. त्यांचा एक नियम होता. मिस्त्रीने मागे बसून वायर बदलावी, स्क्रू आवळावा, काय केलं ते सांगू नये. कानसेनने पुढे खुर्चीत बसून ओळखावं. हॉर्नच्या मागे कानसेनने कधी जायचं नाही. “डोळ्यांनी बघितलं की कान खोटं बोलायला लागतो,” हे त्याचं ठरलेलं वाक्य. तेवीस वर्षं हा खेळ चालला, आणि तेवीस वर्षांत तो एकदाही मागे गेला नाही. पुसणं, पॉलिश करणं, सगळं मिस्त्री करायचा.

दोन महिन्यांपूर्वी मिस्त्री जिना चढताना दम लागला म्हणून पायरीवर टेकला, तो पुन्हा उठलाच नाही. कानसेन त्या दिवसापासून अर्धा झाला होता. त्याला दुसरा मित्र नव्हता. रविवारी सकाळी चष्मेवाला, त्याची बहीण आणि शेजारचे मास्तर गाणं ऐकायला यायचे खरे, पण ती मंडळी माना डोलवणारी. रेकॉर्ड संपली की आधी कानसेन बोलणार, मग बाकीचे ‘वा’ म्हणणार. मिस्त्री तेवढा अधूनमधून ‘गप रे, काहीतरीच’ म्हणायचा. ते ‘गप रे’ म्हणणारं आता कुणी राहिलं नव्हतं.

तर लाकूड कोरडं पडायला लागलं होतं, म्हणून तो पॉलिश घेऊन आला. बायको आतल्या खोलीत इस्त्री करत होती. याने खोलीचं दार लावलं. ती खोली त्याने मुद्दाम ऐकण्यासाठी केलेली. जाड पडदे, खाली गालिचा, भिंतींना जुन्या रजया ठोकलेल्या. रस्त्यावरून ट्रक गेला तरी आत समजायचं नाही. भर दुपारीही दिवा लावावा लागे. त्याने अँप्लिफायरचा प्लग काढून ठेवला, फडकं घेतलं आणि उजव्या हॉर्नपासून सुरुवात केली. तो चकचकीत झाल्यावर डाव्याकडे वळला.

डाव्याची कड पुसताना त्याला पेपरमिंटचा वास आला.

मिस्त्रीने सिगरेट सोडल्यापासून त्याच्या तोंडात सदानकदा पेपरमिंटची गोळी असे. लाकूड वास धरून ठेवतं, असं कानसेनने स्वतःला समजावलं आणि जरा वाकून आत डोकं घातलं. खोटं कशाला सांगू, मित्राच्या वासासाठीच घातलं. आत अंधार होता, गार होतं, आणि वास इतका ताजा की डोळ्यांत पाणी आलं. उजवा गाल लाकडाला टेकवून तो तसाच उभा राहिला.

तेव्हा आतून आवाज आला. अगदी बारीक. टक्... टक्... टक्.

दुसऱ्या कुणाला तो आवाज ओळखता आला नसता. गोळी जिभेने इकडची तिकडे करताना कवळीवर आपटते, तो आवाज. आणि ती कवळी कानसेनने स्वतःच्या हातांनी बनवली होती. खालच्या डाव्या दाढेला थोडी उंच राहिली होती, त्यामुळे टक् जरा पोकळ यायचा. मिस्त्री म्हणाला होता, राहू दे, तुझी आठवण. कानसेनला डोकं बाहेर काढवेना.

मग मिस्त्रीचा आवाज आला. कुजबुजता, जवळचा, घशातून वाढत आलेला.

“त्याला कळत नाही, वहिनी.”

आणि त्यामागून एक बाई हसली. हळू, पदर तोंडाला लावून हसतात तशी. पस्तीस वर्षं ज्या हसण्याबरोबर संसार केला, ते ओळखायला काही कानसेन असावं लागत नाही.

तो मागे सरला. प्लग बघितला. तो जमिनीवर पडला होता, व्हॉल्व्ह काळे, थंडगार. त्याला वाटलं आपल्याला दुपारच्या वेळी डुलकी लागली असेल. उभ्या उभ्या लागते का कुणाला डुलकी? पण माणूस अशा वेळी स्वतःला काय काय पटवत नाही. त्याने दार उघडून बायकोला हाक मारली. ती इस्त्री बंद करून आली, कपाळावरचा घाम पुसत. काय हो, कसला वास हा, असं म्हणत होती. त्याने तिला ऐकायच्या खुर्चीत बसवलं. या खुर्चीत ती आयुष्यात दोनदा बसली असेल. तो तिच्या शेजारी उभा राहिला आणि बोटाने गप्प राहायची खूण केली.

थोडा वेळ काहीच नाही. ती त्याच्याकडे बघून भुवया उडवत होती. मग टक्... टक्... आणि तिच्या भुवया जागच्या जागी राहिल्या.

“सात महिने झाले, वहिनी. काल पुन्हा म्हणतो... डावा किती खुललाय.”

पुन्हा ते हसणं. खुर्चीतली बायको तोंड घट्ट मिटून बसली होती, आणि समोर लाकडातून तिचंच हसू येत होतं. कानसेनने तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. त्याला वाटलं होतं ती घाबरेल. ती घाबरली होतीच, पण त्याआधी, क्षणभर, पकडली गेल्यासारखी दिसली. ते त्याने बघितलं.

“काय कळत नाही मला?” त्याने विचारलं.

तिने दोनदा विषय टाळून बघितला. आधी बाहेर चला, मग बोलू, म्हणाली. तो हलला नाही. तेव्हा तिने खालमानेनं सगळं सांगितलं. गेल्या वर्षी मिस्त्री काहीतरी तपासत असताना डाव्या हॉर्नचं युनिट जळालं. कानसेन तेव्हा कामावर होता. तसलं युनिट आता कुठे मिळत नाही. मिस्त्री डोकं धरून बसला होता. संध्याकाळी कानसेनला खुर्चीत बसवून सगळं कबूल करायचं, असं त्याने ठरवलं. उजवा एकटा वाजत होता. मिस्त्री तोंड उघडणार इतक्यात कानसेन डोळे मिटून म्हणाला, वा, आज डावा खुलला.

मग काय बोलणार, ती म्हणाली. तिला आधीपासून संशय होताच. डाव्या बाजूने हाक मारली की हा ओ द्यायचा नाही. त्या दिवशी दोघांना नक्की कळलं की त्याचा डावा कान गेला आहे. मिस्त्री म्हणाला, पुढच्या रविवारी सांगतो. मग पुढच्या. मग त्याला धक्का बसेल म्हणून नकोच.

“रविवारच्या लोकांना माहीत आहे?”

“चष्मेवाल्यांना पहिल्याच दिवशी समजलं.”

“सगळ्यांना?”

“हो.”

एका वर्षाचे रविवार कानसेनच्या डोळ्यांपुढून गेले. एक भोंगा मुका, आणि हा बोट वर करून सांगतोय की बघा, डावीकडे ती बाई कशी श्वास घेते. आणि मास्तर मान डोलवतायत. चष्मेवाल्याची बहीण डोळे पुसतेय. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते त्याला त्या खोलीत कळलं. कान गेल्याचं दुःख त्याला झालंच नाही, ते पुढे कधीतरी झालं असतं. त्याला लागलं ते वेगळंच.

“तू हसलीस,” तो म्हणाला.

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

“धक्का बसेल म्हणून सांगितलं नाहीस, ठीक. हसलीस का?”

“हसू आलं,” ती म्हणाली. “भावोजी तुमची नक्कल करायचे... हसू आलं.”

एवढं बोलून ती रडायला लागली. कानसेनला तिची दया आली नाही. तिच्याशी भांडायला उभं आयुष्य पडलं होतं. पण ज्याच्याशी खरं भांडायचं, ज्याची कॉलर धरून ‘बेट्या, तूसुद्धा?’ म्हणून विचारायचं, तो पायरीवर बसून निघून गेला होता. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, हा अन्याय त्याला असह्य झाला. दोन महिने त्या माणसासाठी त्याने धड जेवण केलं नव्हतं.

तो ताडताड चालत डाव्या हॉर्नच्या मागे गेला. तेवीस वर्षांत पहिल्यांदा. बायको मागून, नका हो, नका, म्हणाली. तिकडे त्याने लक्ष दिलं नाही.

मागे युनिट नव्हतं. जळकं सुद्धा नव्हतं. मिस्त्रीने ते काढूनच टाकलं होतं. वायरीच्या टोकांना चिकटपट्टी गुंडाळून ती नीट वेटोळं करून ठेवली होती, त्याच्या हाताला सवयच होती तशी. घसा उघडा. नुसतं लाकडी भोक. हॉर्नला स्वतःचा आवाज नसतो हे कानसेनला कुणी शिकवायला नको. घशाशी कुणी बोललं तरच तोंडातून आवाज येतो. आणि इथे भिंत होती, रजई होती, आणि मध्ये जेमतेम एक माणूस उभा राहील एवढी जागा. त्या जागेत आता तो स्वतः उभा होता.

त्याने वाकून भोकाला डोळा लावला. पलीकडे खुर्ची दिसत होती, बायकोची मांडी, मांडीवरचे हात. मग त्याने तिथेच ओठ लावले. मोठ्याने नाही बोलला. लहानपणी एका पांघरुणात शिरून बोलायचे दोघे, तेवढ्याच आवाजात म्हणाला,

“मला का नाही सांगितलंस रे?”

शब्द लाकडातून दूर निघून गेले. त्याच्याकडे परत काही आलं नाही. त्याने कान लावला, उजवा, चांगला. आत अगदी शांत होतं. हॉर्न आवाज पुढे फेकतो, मागच्या माणसाला काही मिळत नाही, हे तर मिस्त्रीनेच त्याला केव्हातरी समजावलं होतं.

तेवढ्यात पुढून बायकोचं रडणं थांबलं. हळूहळू नाही, एकदम, कुणीतरी बोलायला लागल्यावर माणूस थांबतो तसं.

“नको, भावोजी...” ती म्हणाली.

कानसेनने डोळा लावला. ती खुर्चीत पुढे सरकली होती. तिचा चेहरा आता दिसत होता, हॉर्नच्या तोंडाच्या अगदी जवळ आलेला, एका बाजूला कललेला. ती त्याच्याकडे बघत नव्हती. तिला तो दिसत असावा असं वाटलंही नाही.

“तेवढं नका सांगू त्यांना,” ती कुजबुजली. “कान गेला तेवढं कळलं... बास झालं.”

काय तेवढं? कानसेनला विचारायचं होतं.  त्याने पुन्हा कान लावला, इतका घट्ट की लाकूड हाडाला टोचलं. काही नाही. श्वास नाही, शब्द नाही. तेवीस वर्षं ज्या भोंग्यासमोर बसून त्याने जगातलं सगळं ऐकलं होतं, त्याच्या घशाशी तो उभा होता आणि त्याला काही ऐकू येत नव्हतं.

“हळू बोला, भावोजी,” बायको म्हणाली. “हे मागेच उभे आहेत.”

आणि मग ती बराच वेळ ऐकत राहिली, मधूनमधून ‘हं... हं...’ करत.