पावावरची शपथ

पहिला तडाखा खांद्यावर बसला, दुसरा बरगडीवर, आणि तिसरा चुकवण्याच्या धडपडीत पिंतिलिए थेट टीव्हीवर आदळला... पडद्यावर गुणांचा फलक नुकता कुठे झळकू लागला होता, तो टीव्हीसकट जमिनीवर गेला आणि चर्र करून विझला!

"आजच? आजच्याच दिवशी?" थोरला भाऊ इलारियोन गरजला. हातात पिपाची फळी. "माझी लेक साऱ्या युरोपासमोर उभी, आणि तू मतदान सुरू झालं तसा उठून कुठे तडफडायला गेला होतास?"

इलारियोन गरजला की प्रूत नदीतले मासे पलीकडे रुमानियाच्या काठाला आश्रयाला जातात. दोन माशांना तर मी सामान बांधताना पाहिलंय.

पिंतिलिएने दोन्ही हातांनी डोकं झाकलं. काय सांगणार होता तो? ऐन तारुण्यात राजधानीच्या गायकवृंदात मिळालेली जागा त्याने सोडली होती, कारण घसरलेल्या पिपाखाली दादाची कंबर मोडली होती आणि द्राक्षमळा ओसाड पडत होता. दादा उठून उभा राहीपर्यंत सहा वर्षं गेली, आणि तोवर गळ्यात मातीच बसली. मग त्याने आपलं सारं गाणं पुतणीला, सांदाला देऊन टाकलं... अकॉर्डियन मांडीवर घेऊन, एकेक सूर घास भरवावा तसा! आज ती युरोपभरच्या गाण्याच्या स्पर्धेत मोल्दोव्हाच्या वतीने गायली, तेव्हा तिच्या त्या तीन मिनिटांत या अभाग्याने श्वाससुद्धा घेतला नव्हता.

"जळतोस, दुसरं काय! तुला जमलं नाही ते पोरीनं केलं म्हणून जळतोस!"

हा घाव मात्र फळीचा नव्हता. तो आत, खोल गेला... मग फळीचाही आला, आणि कपाळातून रक्ताची धार लागली.

"अरे, मारून टाकशील त्याला!" इलारियोनची बायको वार्वारा दोघांच्या मध्ये शिरली. ओढाताणीत पिंतिलिएचा सदरा टरकन फाटला आणि खिशातला फोन खाली पडून उजळला. तिने तो उचलला. वाचता वाचता तिचा आवाज कापू लागला.

"'सहाव्या गाण्याला दिलेलं आपलं मत नोंदवलं आहे. आभारी आहोत.' सहावं... अरे, हे तर आपल्या सांदाचं! आणि हे बघ, पुन्हा तेच... पुन्हा... वीस आहेत रे, वीस!"

"खोटं!" इलारियोन म्हणाला. "इथून आपल्याच पोरीला मत चालत नाही."

"इथून नाही चालत, दादा." पिंतिलिएने रक्त थुंकलं. "पलीकडचं सिमकार्ड आहे. नदीवरच्या अक्रोडाच्या शेंड्यावर चढलं की पलीकडचा टॉवर लागतो."

त्रेपन्न वर्षांचा माणूस, गुडघे वातानं धरलेले, आणि अक्रोडाचा शेंडा! तिथल्या घुबडाने म्हणे सरकून जागा दिली.

पण हसलं कुणीच नाही. कारण सोमवारीच इलारियोनने पावावर हात ठेवून सगळ्यांसमोर शपथ घेतली होती, "पोर जिंकेल ती गळ्यावर. घरातल्या कुणी पलीकडून एक जरी मत मिळवायची खटपट केली, तर त्याचा हात मोडीन!" आणि आमच्याकडे पावावरची शपथ मोडणाऱ्याच्या अंत्ययात्रेला घोडासुद्धा येत नाही.

पिंतिलिएने मेजावरची मक्याच्या पिठाच्या ममालिगाची थाळी बाजूला सारली आणि उजवा हात पसरला. अकॉर्डियनवर नाचणारी ती लांब बोटं लाकडावर उघडी पडली होती...

"मोड, दादा. हात मोड, पण जळतो म्हणू नकोस रे! तेवढं सोसवत नाही..."

इलारियोनने कोपऱ्यातली पिपं ठोकायची मोगरी उचलली. वार्वाराने डोळे मिटले. मोगरी वर गेली, क्षणभर थांबली, आणि धाडकन खाली आली! हाडांचा कडकड आवाज झाला, पाठोपाठ गुरासारखी किंकाळी फुटली... पण ती किंकाळी इलारियोनची होती! मेजावर त्याचाच डावा पंजा चेचून पडला होता.

"दादा! हे काय केलंस?"

"शपथ पाळली." इलारियोनचे ओठ पांढरे पडले होते. "पहाटे सांदाच्या धर्मपित्याला पलीकडे फोन केला होता मी. रडलो त्याच्यापुढे... म्हटलं, सगळ्या गावाला मत द्यायला लाव. मग तुझा हात कुठल्या तोंडानं मोडू, सांग!"

"आधी सांगायचंस ना, गाढवा!"

"तू सांगितलंस?"

आणि ते दोन रक्तबंबाळ म्हातारे एकमेकांच्या गळ्यात पडून असे हमसून हमसून रडले की वार्वाराला पट्टी नेमकी कुणाला बांधावी तेच कळेना.

इतक्यात तिचा फोन वाजला. सांदा! मागे टाळ्यांचा समुद्र उसळत होता आणि पोर हुंदके देत होती. "बाबा... काका... बघितलंत ना?"

टीव्ही पालथा पडला होता. ती पहिली आली म्हणून रडतेय की शेवटची आली म्हणून, हे विचारायची दोघांचीही छाती झाली नाही.

"बघितलं गं! शेवटपर्यंत बघितलं!" दोघे एकदमच खोटं बोलले.

मग इलारियोनने चांगल्या हाताने फोन ओढून घेतला आणि ओरडला, "पोरी, तू आधी घरी ये! अकॉर्डियन वाजवायला तुझ्या काकाचे दोन्ही हात शाबूत आहेत!"