नकाशावरचा विसावा

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण ज्यांच्यासोबत हे घडलं ती दोघं आज पिंपरी-चिंचवडमध्ये राहतात. मी यात पदरचं काहीही घातलेलं नाही.

मागच्या वर्षीचा फेब्रुवारी महिना. शनिवारची संध्याकाळ. चाकणजवळची एक नवी सोसायटी.

अरुंधती तेव्हा तिथे भाड्याने राहायची. नवरा शार्दूल जवळच्याच एका कंपनीत इंजिनिअर. ती घरून सर्व्हेची कामं करायची. नकाशे म्हणजे तिचा जीव की प्राण. नकाशे काढायचं एक ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे, कुणालाही फुकट वापरता येतं. ते वापरणाऱ्यांचा तिने एक ऑनलाइन ग्रुप जमवला होता. दर शनिवारी संध्याकाळी मीटिंग. सगळ्यांनी मिळून एकेका गावाचा नकाशा भरायचा.

या वेळी तिने आपल्याच सोसायटीशेजारचं गाव घेतलं होतं. तिथे अँब्युलन्स यायची ती पत्ता शोधत फिरत बसायची. मागच्या पावसाळ्यात एक बाई त्यात गेली होती. नकाशा नीट झाला की तो अँब्युलन्सवाल्यांना द्यायचा, असं अरुंधतीने मनाशी पक्कं केलं होतं.

पण दर शनिवारी तिचं डोकं फिरायचं.

वीस-बावीस जण यायचे. सगळ्यांचे कॅमेरे बंद. माइक बंद.

"ऐकू येतंय ना?" असं विचारलं, की शांतता.

काम वाटून दिलं की "हो मॅडम." आणि पुढच्या शनिवारी नकाशा तसाच कोरा. दापोडीचा गुरुदत्त तेवढा मनापासून काम करायचा. बाकी नुसती नावं.

त्या शनिवारी तिने स्क्रीनवर नकाशा उघडला, आणि...

गावठाणातून एक पायवाट निघाली होती. सरळ नदीपर्यंत. मधल्या कंपनीची भिंत, शेड, गोडाऊन... सगळ्यातून आरपार.

आणि बरोबर शेडच्या मधोमध एक ठिपका. त्याला नाव दिलेलं... 'विसावा'.

"हे कुणी काढलंय?"

तिने नकाशा झूम करून बघितला.

"अहो, सॅटेलाइटचा फोटो बघून काढा ना! शेडमधून पायवाट जाते का कधी? आणि हे विसावा काय आहे, हॉटेल?"

तिने रागारागाने वाट पुसली. ठिपकाही पुसला.

पुढच्या शनिवारी दोन्ही परत हजर.

पुन्हा पुसलं. पुन्हा आलं.

शेवटी गुरुदत्तचा फोन आला. "मॅडम, रागावू नका. पण ती वाट तुमच्याच नावाने काढलेली दिसतेय."

"मी कशाला काढू? मला वेड लागलंय?"

"तसं नाही म्हणत. पासवर्ड बदलून बघा."

तिने पासवर्ड बदलला. काही उपयोग झाला नाही. शार्दूलला सांगितलं, तर तो हसला. "तुझ्या त्या फुकट मीटिंगा बंद कर आधी. कोणीतरी मस्करी करतंय."

तिला रडूच आलं. कोणी धड ऐकूनच घेत नव्हतं.

मग आला त्याच्या पुढचा शनिवार.

मीटिंग सुरू होती. सगळे माइक बंद. अरुंधती एकटीच बोलत होती. तेवढ्यात लॅपटॉपमधून आवाज यायला लागला...

पावलांचा.

अनवाणी पावलं. खूप जणांची. कोरड्या मातीत घासत चाललेली.

"कोणाचा माइक चालू आहे?"

एकाचाही नव्हता.

पावलं थांबली. काहीतरी जड, अगदी हळूच, जमिनीवर टेकवलं गेलं.

मग दमलेल्या माणसांचे श्वास... एकामागून एक.

तिने लॅपटॉपचा आवाज शून्यावर आणला.

श्वास ऐकू येतच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तडक त्या कंपनीच्या गेटवर गेली. "आत एक जागा बघायची आहे," म्हणाली. सिक्युरिटीवाल्याने पूर्ण ऐकूनही घेतलं नाही. "परवानगी आणा मॅडम. रविवारी कोणी नसतं."

गेटसमोर चहाची टपरी होती. टपरी चालवणाऱ्या इंदुताई गावातल्याच, साठीच्या पुढच्या. अरुंधतीने त्यांना सहज विचारलं, "इथे विसावा नावाचं काही आहे का हो?"

इंदुताईंचा चहा गाळता गाळता हात थांबला.

"तुला कुनी सांगितलं?"

"नकाशावर दिसतंय."

"इसावा म्हंजी मढं खाली ठिवायची जागा, बाई. गावातनं नदीवर जायाची वाट व्हती. मधी इसाव्याचा दगड. मग कंपनी आली, भित्ताड झालं. दगड बी गेला आन् वाट बी गेली." त्यांनी कप पुढे सरकवला. "आता समदी गाडीतनं जात्यात, हायवेवरनं. तू कशाला इचारती? चहा घे आन् जा घरी."

अरुंधतीला वाटलं, आता उलगडा झाला. गावातल्याच कोणाचा तरी भिंतीवर राग असणार, आणि तो आपल्या नकाशावर काढतोय. तिला गावाची दयाही आली, आणि चीडही आली. अरे, मग समोर येऊन बोला ना!

शनिवारी तिने सगळ्यांदेखत वाट पुन्हा पुसली.

"ताई..."

म्हाताऱ्या पुरुषाचा आवाज. दमलेला.

"ताई, वाट पुसू नका."

"कोण बोलतंय? नाव सांगा आधी."

"आमी जायाचं कुठनं?"

इतक्या दिवसांचं साचलेलं सगळं उसळून वर आलं. अरुंधती ओरडलीच. "अहो, तिथे भिंत आहे! मी काय करू? दुसरीकडून जा ना!"



मग... "बरं."

एवढंच.

"मॅडम?" गुरुदत्तचा घाबरा आवाज आला. "तुम्ही कोणाशी बोलताय? आम्हाला फक्त तुमचाच आवाज येतोय."

ती उत्तर देणार, तोच स्क्रीनवर वाट उमटायला लागली. तिने माऊसला हातही लावला नव्हता.

गावठाणातून निघाली. कंपनीच्या भिंतीपाशी आली. थांबली.

वळली. सर्व्हिस रोडने पुढे आली... एका सोसायटीच्या गेटमधून आत शिरली... बी विंगपाशी आली.

अरुंधती बी विंगमध्येच राहायची.

ठिपका उमटला. विसावा.

"शार्दूल! इकडे ये, लवकर!"

तो सोफ्यावर मॅच बघत होता. "आता काय झालं?"

तेवढ्यात पावलं ऐकू आली.

या वेळी लॅपटॉपमधून नाही... बाहेरच्या पॅसेजमधून.

फरशीवर मातीचे पाय घासत होते. आवाज जवळ आला. बरोबर त्यांच्या दारापाशी थांबला.

काहीतरी जड, हळूच, खाली टेकवलं गेलं.

आणि दारापलीकडून तोच आवाज आला. "एक जन कमी पडतोय... खांद्याला या की कुनीतरी."

शार्दूल उठला.

"आलो," म्हणाला. ओळखीच्या माणसाने हाक मारावी आणि आपण ओ द्यावी, तसं.

"शार्दूल, थांब! दार उघडू नकोस!"

त्याने दार उघडलं. पॅसेजमध्ये कोणीही नव्हतं. चप्पल न घालताच तो जिन्याने उतरायला लागला. अरुंधती मागे धावली. तो सावकाश चालत होता, ती पळत होती. तरी प्रत्येक वेळी तो एक मजला खालीच.

गेटवर वॉचमन गोंधळून उभा होता. "साहेब आत्ताच गेले. एकटेच होते. अनवाणी... आणि एका अंगाला वाकून चालत होते."

रिक्षा करून ती नदीवर पोचली, तेव्हा अंधारून आलं होतं. शार्दूल काठावर बसला होता. तळपाय सोलवटलेले. शर्ट उजव्या खांद्यावर चुरगळून मळलेला.

"शार्दूल! काय करतोयस इथे?"

त्याने वर बघितलं. चेहऱ्यावर भीती अजिबात नव्हती. होता तो फक्त वैताग.

"किती लांब पडतं हे, माहितीये का तुला?" तो म्हणाला. "भिंत नसती तर केव्हाच पोचलो असतो."

आवाज त्याचाच होता.

घरी आल्यावर त्याला यातलं काहीच आठवेना. मॅच बघता बघता डोळा लागला, एवढंच तो सांगत राहिला. पायाच्या जखमा बघून अरुंधतीवरच चिडला.

महिन्याच्या आत त्यांनी ती जागा सोडली आणि पुनावळ्याला राहायला गेले. मीटिंगा आता गुरुदत्त घेतो. त्या गावाचा नकाशा त्याने पूर्ण केला. शेडमधून जाणारी ती जुनी वाट मात्र त्याने तशीच ठेवली आहे. का, ते त्याला कोणी विचारत नाही, आणि तोही सांगत नाही.

शार्दूलचा उजवा खांदा दुखतो. एक्स-रे झाले, एमआरआय झाला. डॉक्टर म्हणतात, काहीच नाही.

परवाचीच गोष्ट. दोघं भाजी घेऊन घरी येत होती. पिशवी अरुंधतीच्या हातात. शार्दूल मोकळ्या हातांनी चालत होता.

चालता चालता तो मध्येच थांबला. तिच्या मागून वळसा घालून पलीकडच्या बाजूला आला, आणि पुन्हा चालायला लागला.

"काय झालं?" तिने विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला. "खांदा बदलला."